प्रणयकथांच्या व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये नात्यांचा हिशोब कसा समजून घ्यावा?

राजारामपुरी_वाचक यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राहते, विद्यापीठात शिकते आणि रात्री अभ्यास आटोपला की लॅपटॉपवर व्हिज्युअल नॉव्हेल (चित्रे आणि संवाद वाचत, मध्ये मध्ये पर्याय निवडत पुढे न्यायचे कथाखेळ) खेळते. या प्रकारातील प्रणयकथा मला मनापासून आवडतात, कारण त्यांत पात्रांच्या बोलण्याला पुरेसा वेळ दिलेला असतो. एखादी अबोल मुलगी पहिल्यांदा स्वतःहून दोन वाक्ये बोलते, तेव्हा त्या दोन वाक्यांपर्यंत आपण तिच्या सोबतीने बरेच अंतर चालून आलेलो असतो आणि म्हणूनच ती लक्षात राहतात.

माझी अडचण नात्यांच्या हिशोबाची आहे. सध्या मी २०१२ साली प्रसिद्ध झालेला 'कतावा शोजो' हा मोफत मिळणारा खेळ खेळत आहे (खेळ प्रौढांसाठी आहे, मात्र त्यातील प्रौढ प्रसंग बंद ठेवण्याची सोय आहे). त्याच्या पहिल्या अंकात पाच मुलींशी ओळख होते आणि तेथे घेतलेल्या निर्णयांवरून पुढे कोणाची कथा उलगडणार हे ठरते. मी प्रत्येकीशी सौजन्याने वागले, कोणालाही दुखावले नाही, तरीही कोणाशीच पुरेसे नाते न जुळल्यामुळे गच्चीवरच्या प्रसंगात कथा संपून गेली. इतर खेळांतही माझ्या वाट्याला बहुतेक वेळा सर्वांशी मैत्री असलेला आणि प्रेम कोणाशीच नसलेला शेवट येतो.

प्रत्येक खेळाचा वॉकथ्रू, म्हणजे कोठे कोणता पर्याय निवडावा याची मार्गदर्शिका, इंटरनेटवर मिळतो हे मला ठाऊक आहे. पण तो समोर ठेवून खेळले की माझे लक्ष पात्राकडे राहत नाही, पुढची ओळ शोधण्याकडे जाते, आणि मग नायिका काय म्हणाली हेही आठवत नाही. या खेळांच्या आत नात्यांची मोजदाद नेमकी कशी चालते, आणि ती समजून घेऊनही कथेतील गोडी टिकवता येते का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

शाहूपुरी_संगणक यांचे उत्तर

नमस्कार ताई. तुमच्या प्रश्नाचे मूळ तुमच्याच एका वाक्यात आहे: तुम्ही प्रत्येकीशी सारख्याच सौजन्याने वागलात. व्यवहारात हा गुण असला, तरी बहुतेक प्रणयकथांच्या रचनेत तो 'दोन दगडांवर पाय' ठरतो, कारण खेळ तुमचा स्वभाव मोजत नाही. तुमचा कल कोणाकडे आहे, एवढेच तो मोजतो.

आतली व्यवस्था साधारणपणे अशी असते. प्रत्येक पात्राच्या नावाने पडद्याआड एक आकडा ठेवलेला असतो. किराणा दुकानदार उधारीच्या वहीत प्रत्येक घराचे पान वेगळे ठेवतो, तसेच हे. तुम्ही एखादा पर्याय निवडला की त्या पानावर एक किंवा दोन गुण चढतात, क्वचित उतरतात. या गुणांच्या जोडीला काही खुणा असतात, ज्यांना जाणकार 'फ्लॅग' म्हणतात. अमुक प्रसंग घडला की नाही, अमुक गोष्ट तुम्हाला कळली की नाही, एवढीच होय-नाही स्वरूपाची नोंद त्यात असते. कथा एका ठरावीक वळणावर आली की खेळ ही पाने उघडतो, कोणाचा आकडा किमान मर्यादेच्या वर आहे आणि आवश्यक खुणा पडल्या आहेत का हे तपासतो आणि त्यानुसार तुम्हाला एका रूटवर, म्हणजे एका पात्राच्या कथेच्या वाटेवर, पाठवतो. कोणाचाच आकडा मर्यादेपर्यंत पोचला नसेल, तर लेखकाने अशा वेळेसाठी राखून ठेवलेला शेवट समोर येतो. पाच जणींत गुण विभागले गेले की एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होते. खेळ तुम्हाला शिक्षा करत नसतो, त्याच्यापुढे दुसरी वाटच उरलेली नसते.

ही यंत्रणा उघड्या डोळ्यांनी पाहायची असेल, तर २०१७ सालच्या 'डोकी डोकी लिटरेचर क्लब'मधील कवितेचा भाग पाहावा. (हा खेळ मोफत आहे, पण सुरुवातीलाच दिलेली सूचना गांभीर्याने घ्यावी, कारण पुढे मनाला अत्यंत त्रासदायक प्रसंग आहेत आणि तो लहान मुलांसाठी नाही.) तेथे रात्री कविता लिहायची म्हणजे पडद्यावरील यादीतून एकामागून एक असे २० शब्द निवडायचे. प्रत्येक शब्दाचे तिन्ही मुलींसाठी वेगवेगळे गुण ठरलेले आहेत आणि एखादीला शब्द आवडला की कोपऱ्यातील तिची लहानशी आकृती आनंदाने उडी मारते. नात्सुकीला गोंडस, हलकेफुलके शब्द भावतात, युरीला गडद आणि अवघड शब्द, तर सायोरीला सुखदुःखाचे सरळ शब्द. वीस शब्दांनंतर जिचे गुण सर्वाधिक, दुसऱ्या दिवशीचा खास प्रसंग तिच्यासोबतचा. येथे गंमत अशी की चार-दोन शब्दांतच तुम्ही उड्यांकडे पाहणे सोडून देता. 'हा शब्द युरीच्या वहीत शोभेल' असा अंदाज आपोआप येऊ लागतो, आणि नेमके तेच लेखकाला अपेक्षित असते.

म्हणून माझे मत असे की हिशोब समजल्याने गोडी कमी होत नाही, वाढते. पहिल्या खेपेला वॉकथ्रू अजिबात उघडू नका. पहिल्या तासाभरात ज्या पात्राविषयी सर्वाधिक उत्सुकता वाटली, त्याच्याकडे निःसंकोच झुका आणि दोन पर्यायांत अडलात की 'यातून तिच्याबद्दल मला नवीन काय कळेल' या कसोटीवर निवडा. बाकीच्यांना नकार द्यावा लागला तर द्या, त्यांच्या कथा तुम्हाला पुढच्या खेपेला भेटणारच आहेत.

कळंबा_रोड यांचे उत्तर

वरील उत्तर योग्य आहे, मात्र ते अपुरे आहे असे मला वाटते. सर्व खेळांत नाते केवळ पर्यायांच्या गुणांवर ठरत नाही. पुष्कळ खेळांत ते वेळेवर ठरते, आणि तेथे 'मन लावून वाचा' हा सल्ला पुरत नाही, नियोजन करावे लागते.

या परंपरेतील सर्वांत प्रभावी खेळ म्हणजे कोनामी कंपनीचा १९९४ साली आलेला 'टोकिमेकी मेमोरियल'. काटेकोरपणे पाहता तो व्हिज्युअल नॉव्हेल नसून डेटिंग सिम्युलेशन (वेळ आणि गुणांचे नियोजन करून नाते जुळवण्याचा खेळ) आहे, पण पुढच्या कित्येक प्रणयखेळांनी त्याचे नियम उचलले. उच्च माध्यमिक शाळेतील तीन वर्षे तुमच्या हाती असतात. आठवडाभर काय करायचे ते तुम्ही ठरवता आणि त्याप्रमाणे अभ्यास, कला, खेळ, दिसणे इत्यादी गुण वाढतात किंवा घटतात. एका मित्राला फोन केला की कोणती मुलगी तुमच्याविषयी काय विचार करते हे कळते. आणि एखाद्या परिचित मुलीकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले की तिच्या नावापुढे बॉम्बचे चिन्ह येते. तो बॉम्ब फुटला की तुमच्याविषयी वाईट बोलले जाऊ लागते आणि केवळ तिचीच नव्हे, तर इतर मुलींचीही मर्जी खालावते. म्हणजे 'एकीकडेच झुका, बाकीच्यांना नकार द्या' हा सल्ला येथे जसाच्या तसा पाळला, तर हातची नायिकाही दुरावते. त्यात भर म्हणजे नायकाची बालमैत्रीण शिओरी हिला प्रसन्न करायचे तर जवळजवळ सर्वच गुण उंचावर न्यावे लागतात. या खेळात जाणकार खेळाडू ओळखी मुद्दाम मर्यादित ठेवतात, कारण ज्या मुलीची ओळखच झाली नाही तिच्या नावाने बॉम्बही येत नाही.

दुसरे उदाहरण दक्षिण कोरियातील चेरिट्झ या संस्थेच्या 'मिस्टिक मेसेंजर'चे. २०१६ साली आलेला हा खेळ फोनवर खेळायचा असतो आणि त्यातील कथा खऱ्या घड्याळाप्रमाणे ११ दिवस चालते. दिवसभरात ठरावीक वेळी गप्पांच्या खोल्या उघडतात, काही तर मध्यरात्रीनंतर. तेथे तुम्ही दिलेल्या उत्तरांवर निरनिराळ्या पात्रांची हृदये (म्हणजे त्यांच्या मर्जीचे गुण) मिळतात आणि पहिल्या चार दिवसांच्या गप्पांवरून तुमचा रूट ठरतो. खोली उघडली तेव्हा तुम्ही हजर नसाल तर संवाद नंतर वाचता येतो, पण त्यात भाग घ्यायचा तर वाळूची घड्याळे, म्हणजे खेळातील चलन, खर्चावे लागते. सकाळी सातला महाविद्यालयात पोचणाऱ्या किंवा कारखान्यात पाळी करणाऱ्या माणसाने हा खेळ परीक्षेच्या किंवा कामाच्या धबडग्याच्या काळात सुरूच करू नये. मी तो दिवाळीच्या सुट्टीत खेळलो आणि तेव्हाच त्याचा खरा आस्वाद मिळाला. कोणीतरी आपल्या हजेरीची वाट पाहत आहे, ही भावना पर्यायांच्या गुणांतून कधीच येणार नाही इतकी तीव्रपणे तो निर्माण करतो.

मोबाइलवरील काही कथांमध्ये चांगला पर्याय हिऱ्यांच्या, म्हणजे खेळातील चलनाच्या, बदल्यात विकला जातो. तेथे प्रावीण्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल अधिक लिहीत नाही.

सारांश, खेळ हाती घेतला की आधी एवढे ओळखा की हा खेळ काय मोजतो: तुमचे शब्द, तुमचा वेळ की तुमची तयारी. ते ओळखल्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला अर्धाच असतो.

पंचगंगा_घाट यांचे उत्तर

दोन्ही उत्तरे खेळाडूच्या बाजूने आहेत, मी रचणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो. 'रेनपाय' हे मोफत साधन वापरून मी आणि माझे दोन मित्र कोल्हापुरात घडणारी एक लहानशी मराठी प्रणयकथा रचत आहोत. टॉम रॉथॅमेल यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या या साधनावर 'कतावा शोजो' आणि 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' हे दोन्ही खेळ उभे आहेत, त्यामुळे आतली रचना बरीचशी सारखी असते.

आमच्या कथेतील एक प्रसंग सांगतो, म्हणजे पर्यायामागे लेखक काय विचार करतो ते दिसेल. नायिका गडहिंग्लजची असून येथे वसतिगृहात राहते. शनिवारी संध्याकाळी पाऊस लागला आहे, ती आणि नायक रंकाळ्यावरून मध्यवर्ती बसस्थानकावर आले आहेत आणि गडहिंग्लजची एसटी फलाटाला लागते आहे. येथे खेळाडूला तीन पर्याय मिळतात. पहिला, "आजच्या दिवस थांब ना, उद्या सकाळी जा." दुसरा, "बॅग दे इकडे, खिडकीची जागा धरतो." तिसरा, "पोचलीस की फोन कर."

चाचणीसाठी खेळलेल्या बहुतेकांनी पहिला पर्याय निवडला, कारण तिन्हींत तोच सर्वांत प्रेमळ वाटतो. त्या पर्यायाला आम्ही उणे गुण दिले आहेत. आधीच्या एका प्रसंगात, चहाच्या टपरीवर बोलता बोलता, ती सांगून गेलेली असते की आईच्या गुडघ्याचे दुखणे वाढले आहे आणि रविवारी पहाटे पाणी येते तेव्हा ते भरायला घरी दुसरे कोणी नसते. ज्याने ते वाक्य लक्षपूर्वक वाचले त्याला 'थांब ना' हा आग्रह ऐकूनच खटकतो. बॅग घेऊन जागा धरणाऱ्याला दोन गुण मिळतात. फोन करायला सांगणाऱ्याला गुण एकच मिळतो, पण सोबत एक खूण पडते आणि ती खूण असेल तरच रात्री तिचा फोन येतो. फोनवर ती पहिल्यांदा आईशी झालेल्या वादाविषयी बोलते, आणि शेवटच्या प्रकरणाची किल्ली त्या संभाषणात आहे. गुण कमी, पण वाट तीच.

यावरून माझी विनंती अशी की पर्याय वाचताना सर्वांत गोड वाक्य शोधू नका. त्या पात्राने याआधी काय सांगितले आहे ते आठवा. चांगला लेखक योग्य उत्तर पर्यायांच्या यादीत लपवत नाही, तो ते दोन प्रसंग आधी पात्राच्या तोंडून सांगून ठेवतो. आठवत नसेल तर मागचे संवाद पाहण्याची सोय प्रत्येक चांगल्या खेळात असते, आणि रेनपायवरील खेळांत माउसचे चाक मागे फिरवले की कथा वाक्यावाक्याने मागे जाते. तिचा वापर अवश्य करा. त्यात फसवणूक काहीच नाही, पुस्तक वाचतानाही आपण चार पाने मागे जातोच.

खेळाडूंना गुण दाखवावेत की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. 'हाकुओकी'सारख्या खेळात योग्य निवड केली की पडद्यावर फुलाची खूण उमलते आणि खेळाडूला तेथल्या तेथे समजते. मला स्वतःला ही खूण नको वाटते, कारण ती दिसली की माणूस पात्राच्या चेहऱ्याकडे पाहणे थांबवतो. आम्ही गुण लपवले आणि त्याऐवजी नायिकेच्या बोलण्यात फरक ठेवला: नाते जुळत गेले की ती 'तुम्ही'वरून 'तू'वर येते, आणि तेही एकदम नाही, एखाद्या रागाच्या वाक्यात चुकून आल्यासारखे.

राजारामपुरी_वाचक यांचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. बसस्थानकाच्या प्रसंगात मीही पहिलाच पर्याय निवडला असता, हे वाचताना लगेच जाणवले. दोन शंका उरतात. वाईट शेवट टाळावेत की मुद्दाम पाहावेत? आणि वॉकथ्रू कधीच वापरू नये असे आपले म्हणणे आहे का?

शाहूपुरी_संगणक यांचे उत्तर

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. वॉकथ्रूला माझा विरोध नाही, तो केव्हा उघडायचा एवढाच प्रश्न आहे. काही खेळांत रूटचा क्रम लेखकाने बांधून दिलेला असतो. २००४ सालच्या 'फेट/स्टे नाइट'मध्ये तीन कथा एका ठरावीक क्रमानेच खुल्या होतात, 'कोड रिअलाइझ'मध्ये लुपाँ या पात्राची कथा इतरांच्या कथा पूर्ण केल्यावर मिळते, आणि त्याच २००४ सालच्या 'क्लॅनाड'मध्ये उत्तरार्धापर्यंत पोचण्यासाठी निरनिराळ्या रूटवरील प्रकाशाचे ठिपके गोळा करावे लागतात. अशा ठिकाणी पहिला रूट स्वतःच्या मनाने संपवल्यावर फक्त क्रमापुरता वॉकथ्रू पाहावा. नाहीतर कोणती कथा आधी खुली होते हे न कळल्यामुळे तेच तेच संवाद पुन्हा ऐकत बसावे लागते आणि उत्साह मावळतो.

वाईट शेवट मात्र जरूर पाहावेत. 'फेट/स्टे नाइट'मध्ये कथा अकाली संपली की 'टायगर डोजो' नावाचा हलकाफुलका वर्ग भरतो आणि कोठे वाट चुकली ते दोन पात्रे समजावून सांगतात. लेखकाने त्या शेवटांवरही तेवढीच मेहनत घेतल्याचे त्यातून दिसते. एखाद्या पात्राला काय सहन होत नाही हे चांगल्या शेवटापेक्षा वाईट शेवटातून अधिक स्पष्ट कळते.

आणखी एक सुचवतो, कारण तो खेळ तुम्हाला नक्की आवडेल. २०१८ सालचा 'फ्लॉरेन्स' हा फोनवर अर्ध्या-पाऊण तासात संपणारा खेळ घ्या. त्यात निवडीचे पर्याय किंवा गुण जवळजवळ नाहीतच, तरी नात्याची यंत्रणा इतकी नेमकी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. फ्लॉरेन्स आणि चेलो वाजवणारा, भारतीय वंशाचा क्रिश पहिल्यांदा भेटतात तेव्हा संवादाचा प्रत्येक फुगा अनेक तुकडे जोडून पूर्ण करावा लागतो. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात आणि शेवटी बोलणे विनासायास होते. भांडणात मात्र त्याच तुकड्यांना टोकदार कडा येतात. क्रिश राहायला येतो तेव्हा त्याच्या वस्तूंना फळीवर जागा करून देण्यासाठी तिच्या कोणत्या वस्तू उचलून ठेवायच्या हे आपल्याला आपल्या बोटाने ठरवावे लागते. तिथे मी बराच वेळ थांबलो होतो.

कळंबा_रोड यांचे उत्तर

'फ्लॉरेन्स'ला माझेही अनुमोदन. त्यात घाई करता येत नाही, हे विशेष.

सेव्हविषयी थोडे सांगतो, कारण ते कोणीच सांगितलेले नाही. प्रत्येक पर्यायापूर्वी सेव्ह करण्याची सवय लावू नका, त्याने कोणत्याच निवडीला वजन राहत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक आणि रूट ठरणाऱ्या वळणाच्या थोडे आधी एक, असे वेगवेगळ्या स्लॉटमध्ये (साठवणीच्या जागांमध्ये) सेव्ह ठेवा आणि एका स्लॉटवर दुसरा कधीही चढवू नका. दुसऱ्या खेपेला वाचलेला मजकूर झपाट्याने पुढे नेण्याची सोय वापरा. रेनपायवरील खेळांत कंट्रोल कळ दाबून ठेवली की हे होते, आणि सेटिंगमध्ये बदल केला नसेल तर न वाचलेले वाक्य आले की खेळ आपोआप थांबतो. त्यामुळे तुमच्या बदललेल्या निवडीने नेमके काय नवीन घडवले ते तेथेच दिसते.

'कतावा शोजो'चा पहिला अंक शाळेच्या उत्सवाच्या दिवशी निर्णायक वळण घेतो, पण तोवर निवडी होऊन गेलेल्या असतात. म्हणून उत्सवाच्या आदल्या दिवसावरून पुन्हा खेळण्याचा उपयोग नाही. अंकाच्या अगदी आरंभीच्या सेव्हवरून सुरुवात करा. धावणाऱ्या एमीविषयी उत्सुकता असेल तर तिच्यासोबत जीव तोडून धावा, ग्रंथालयातील हानाकोविषयी असेल तर तिच्या मागे लागू नका, तिला अवकाश द्या, आणि अंक संपल्यावर कोणाची कथा सुरू झाली ते येथे कळवा.